ती मावशींशीच बोलायची

लातूरहून बदली होऊन मी भरे गावच्या शाळेत आले, तेव्हा तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला. त्यात गावातल्याच एका शेतकऱ्याची मुलगी होती. वही नेटकी, पण तोंडातून शब्द नाही. प्रश्न विचारला की ती मान खाली घालून उभी राहायची. लाजाळू असेल, असं मी धरून चालले.

एका दुपारी हात धुवायला गेले, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या खोलीतून तिचा आवाज आला. म्हैस व्यायली, रेडकू लंगडतंय, चुलत्यानं मागची खोली कंपनीतल्या माणसांना भाड्यानं दिली... थांबतच नव्हती. मावशी तांदूळ निवडत नुसत्या "व्हय का?" म्हणत होत्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डी.एड. मी केलेलं, रोज गोष्टी सांगणारी मी, आणि पोर मोकळी होते ती दुसरीकडेच. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला बजावलं, "गॅसजवळ कुणी जायचं नाही." कारण पटण्यासारखं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं.

ती मधल्या सुट्टीत पायरीवर एकटी बसायला लागली. आठवड्यानं मावशींनीच मला गाठलं.

"बाई, पोरगी येत न्हाई ती?"

"तुमच्याशी एवढी बोलते, मग माझ्याशी का नाही बोलत?" माझा आवाज मलाच भांडखोर वाटला.

"तुमी बोलू कुटं देताय? ती 'हाय' म्हनली की तुमी 'आहे' म्हनायला लावताय. मंग ती गप बसती."

मला राग आला. पण वर्गात गेल्यावर आठवलं. पहिल्याच आठवड्यात ती घरचं काहीतरी सांगायला उभी राहिली होती आणि मी तिला तीनदा अडवलं होतं. डी.एड.ला मैत्रिणी हसल्या म्हणून मी स्वतःचं लातूरचं बोलणंही असंच पुसून टाकलं होतं.

शनिवारी मीच तिला मावशींकडे घेऊन गेले. तिघी तांदळाच्या परातीभोवती बसलो. बराच वेळ ती मावशींकडेच बघत होती. मग माझ्यापुढं बोट टेकवून म्हणाली, "बाई, हितं खडा हाय."

मी खडा उचलला. तिचं 'हाय' तसंच राहू दिलं.

आता ती वर्गात बोलते. पण काही नवं घडलं की आधी मावशींकडे धावते. खिडकीतून ते दिसतं आणि माझ्या पोटात अजून थोडं दुखतंच.