वीतभर कुजलेला खांब आणि इंतिझोर

आमच्या गल्लीतली इंतिझोर लहानपणापासून हट्टी. तिच्या आईला मी म्हणायचे, ही पोर सासरी नांदायची नाही. नांदली नाहीच. माहेरी, आमच्या खिवा शहरात परत आली आणि जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या कार्यालयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. लाकडाचा, विटेचा, रंगाचा कण तपासायचा आणि तो कशानं खराब होतोय ते सांगायचं, हे तिचं काम.

यंदा तिच्या साहेबानं, मतरसूलनं, ठरवलं की आमच्या मशिदीच्या ओसरीचा कोरीव खांब कुजलाय, तो काढून नवा बसवायचा. इंतिझोरनं फक्त सही करायची. तिनं आधी खांबाच्या खालून-वरून नखाएवढ्या ढलप्या काढून तपासल्या. सही केली नाही. शुक्रवारी नमाज सुटल्यावर सूक्ष्मदर्शकच ओसरीवर आणून मांडला.

"आजी, आधी तू बघ," ती मला म्हणाली.

"अगं, मला माझ्याच पापण्या दिसतायत!"

"जरा मागे हो. हं, हे कमरेच्या उंचीचं लाकूड."

मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसली, भिंती ताठ. मग तिनं बुडाची ढलपी ठेवली. घरं फुटलेली, आत बुरशीचे पांढरे दोरे आणि मिठाचे खडे.

"कूज एवढीच, वीतभर. वरचा खांब ठणठणीत आहे," ती सगळ्यांना म्हणाली.

"मग बुडालाच का?" बांग देणाऱ्या रोझिमबॉयनं विचारलं.

"खांबाखालचा नमदा कुठाय, बाबा?"

रोझिमबॉय दाढी खाजवायला लागला. आमच्या मातीत मीठ, ओल दगडातून वर चढते. म्हणून दगड आणि खांब यांच्यामध्ये नमदा, म्हणजे लोकर मळून केलेला जाड थर, असतोच. गेल्या वर्षी त्यात उंदरांनी घर केलं, म्हणून यानंच तो काढायला लावला. मतरसूलच्या माणसांनी तिथं सिमेंट भरलं. छान गुळगुळीत दिसतं म्हणून आम्ही त्यांना पुलाव खाऊ घातला.

तेवढ्यात मतरसूल आला. "इंतिझोर, हे यंत्र सरकारी आहे. तमाशा बंद कर."

"या ना साहेब, तुम्हीही बघा."

"मला गरज नाही. उद्या सुतार येतायत. सही कर, नाहीतर कामावर येऊ नकोस."

"सिमेंट तुमचं, आणि कापायचं खांबाला? नाही करत सही."

त्यानं यंत्र उचललं. तिनं स्वतः फडक्यात गुंडाळून दिलं. "जपून न्या. भिंगाला धक्का लागला तर आंधळं होईल. तसं तुमच्याकडे त्यातून बघतंय कोण म्हणा!"

बायका डोक्यावरच्या रुमालाचा पदर तोंडाला लावून हसल्या. मी पदर लावला नाही.

नोकरी गेली ती गेलीच. सकाळी ती छिन्नी घेऊन सिमेंट फोडत बसली. रोझिमबॉयनं ट्रकचा जॅक आणला, पोरांनी तुळईला टेकू दिले. आम्ही बायकांनी अंगणात लोकर पसरली, उकळतं पाणी ओतलं आणि कोपरांनी नमदा मळायला लागलो.

सुतार करवत घेऊन आले. त्यांच्या मुकादमानं आम्हाला पाहिलं, फुटलेलं सिमेंट पाहिलं.

"बाई, कापायचं कुठून?"

इंतिझोरनं खडूनं बुडापासून वीतभर वर रेघ मारली. "इथून. खाली नवा तुकडा बसवायचा, त्याखाली नमदा. बोटभर वर गेलात तर माझ्याशी गाठ आहे."

त्यानं करवत रेघेवर टेकवली.