डाव्या हातानं घेतलेलं

अशी पुढं ये, पोरी. उंबऱ्याशी काय टेकलीस पाव्हण्यासारखी? आणि ती पिशवी आधी खाली ठेव. काय काय आणलंस? द्राक्षं, बिस्किटाचे पुडे, आणि ही साडी कशाला गं? माझ्या अंगावरची अजून फाटलेली नाही. तू माझ्या सख्ख्या भावाची लेक. जयसिंगपूर काय परमुलूख आहे? तरी सहा महिने फिरकली नाहीस. फोन केला की उत्तर ठरलेलं, "आत्ती, रिकाम्या हातानं कसं येऊ? जरा घडी बसू दे, मग येते." नवऱ्याचं काम सुटलं, घर विस्कटलं, तर अशा वेळी आत्तीकडं यायचं नाही तर कधी यायचं? चर्चलाही जायचं सोडलंस म्हणे. तिथंही सगळं नीटनेटकं करूनच जाणार आहेस काय?

रागवत नाही मी. हेच मी अकरा वर्षं केलंय, म्हणून बोलते. ऐक आता. एस.टी.ला वेळ आहे अजून.

माझ्या सासूबाई जिभेच्या तिखट, पण मनानं वाईट नव्हत्या. एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला त्या अंथरुणाला खिळल्या. दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं, अगदी हागणंमुतणं. एका संध्याकाळी म्हणाल्या, "सूनबाई, जरा गुळाचा सांजा कर की गं. तोंडाला चव न्हाय." मी दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसून पाठ धरलेली. पटकन तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "गॅस संपत आलाय. उद्या बघू." त्या "बरं" म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या.

सिलिंडर दोनच दिवसांपूर्वी आला होता. जिन्यावरनं गडगडत आणला तेव्हा त्या जाग्याच होत्या. त्यांना ठाऊक होतं. आणि सकाळी त्या उठल्याच नाहीत.

एवढंच. तू म्हणशील, यात काय एवढं? पण माझ्या मनात ते रुतून बसलं. आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पुढं जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे, पाळकसाहेब हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात, मग द्राक्षरसाचा छोटा पेला. त्या महिन्यात माझे पाय उठेनात. मनाशी म्हटलं, देवा, आधी हे फेडते, मग तुझ्या मेजाशी येते. आणि पेले धुवायचं काम मागून घेतलं. भाकर मोडायची वेळ आली की मी आपली मागच्या खोलीत, पाणी तापवत. कुणाला शंका आली नाही. उलट बायका म्हणायच्या, "किती सेवा करते हो ही." मी मान खाली घालून पेले घासत राहायची.

फेडायचं म्हणून डबे सुरू केले. मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाची सून बाळंत झाली, की माझा डबा पोचलाच म्हणून समज. त्यात गुळाचा सांजा हटकून. दर वेळी वाटायचं, आता फिटलं. घरी येऊन गॅस पेटवला की त्या निळ्या जाळाकडं बघवायचं नाही. परत दुसरं आजारी माणूस शोधायचं. तुझे मामा, म्हणजे आमचे मालक, चेष्टेनं म्हणायचे, "तू काय, लोक आजारी पडायची वाटच बघत असतीस."

अकरा वर्षांनी, दोन हजार साल उलटून गेल्यावर, एका शुक्रवारी धुण्याच्या दगडावर पाय घसरला आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. दीड महिना प्लॅस्टर. मामांना चहापलीकडं काही करता येत नव्हतं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक लिंगायत बाई राहायची, गडहिंग्लजकडची. शाहूपुरीत त्यांचं धान्याचं दुकान. माझ्याहून लहान, मला अक्का म्हणायची. बोलणं असं की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. तिनं त्याच दिवसापासून दोन्ही वेळेला जेवण आणून द्यायला सुरुवात केली. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी.

आता शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तुला सांगायला नको. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आई मला हेच शिकवून गेली. पण चिमूटभर साखर घालून रोजच्या जेवणाची बरोबरी कशी होणार? म्हणून मी भांडी परतच केली नाहीत. डाव्या हातानं कसंबसं एकात साखर भरली, एकात शेंगदाणे, एकात पोहे, एकात रवा. शनिवारी रात्री ओट्यावर रांग लावून ठेवली. म्हटलं, सगळी मिळून एकदम देऊ, जरा शोभेल.

नेमका दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. सकाळी बाई दारात, हातात पदरानं धरलेली गरम कढई.

"अक्का, माझी सगळी भांडी तुमच्याकडं. म्हणून कढईच घेऊन आलोय. भांडं द्या लवकर, चटके बसाय लागल्यात."

मी ओट्याकडं वळले. एकही भांडं रिकामं नव्हतं.

तिनं ती रांग बघितली. "ह्यात कुठं घालू मी आता? तुमच्या डोक्यावर?"

"अगं, तुझी भांडी रिकामी कशी देऊ? एवढं तू करतीस..."

"मी काय उसनं दिलंय व्हय तुम्हाला?" कढई दाणकन खाली ठेवून तिनं साखर माझ्याच डब्यात ओतली, भांडं फडक्यानं पुसलं. "रिकामं द्या म्हणजे मला भरता येतंय. भरलेल्यात भरायची विद्या आमच्याकडं न्हाय."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही खावा की. दुसरं काय करणार हाय त्या हातानं?"

भांड्यात तिनं काय वाढलं, सांगू? गुळाचा सांजा. तिला काय माहीत होतं गं, सासूबाईंचं? मी एक चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांतनं धार लागली. ती घाबरली. "गूळ जास्त पडला व्हय, अक्का?" म्हटलं, "न्हाय. बरोबर पडलाय." पोटभर खाल्ला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाचं तरी रिकामं भांडं रिकामंच परत दिलं.

मग चर्चला गेले. पेले धुवायला हात नाही, म्हणजे मागची खोली बंद. शिवाय बायकांनी, हाताला कुणाचा धक्का लागू नये म्हणून, मला नेऊन बसवलं थेट पहिल्या बाकावर. लपायला जागाच राहिली नाही. पाळकसाहेबांनी बोलावलं, तशी पहिली ओळ उठली. मला बसून राहता आलं असतं. पण तोंडात अजून गुळाची चव होती. मी उठले.

कठड्याशी गुडघे टेकले आणि ध्यानात आलं, पुढं करायला डावाच हात आहे. देवाच्या घरचं कधी कुणी डाव्या हातानं घेतलंय? साहेब माझ्यापर्यंत आले. मी हळूच म्हटलं, "साहेब, डावा हात हाय."

ते आमच्याच भागातले, फटकळ. तुकडा हातात धरून वाकले आणि म्हणाले, "आणि उजवा लायक होता व्हय, बाई?"

आणि भाकर माझ्या डाव्या तळव्यावर ठेवली.

पोरी, त्या क्षणी मला कळलं. येशूनं वधस्तंभावर सगळं आधीच फेडून ठेवलंय, आणि मी अकरा वर्षं त्यात माझी चिमूटभर साखर घालायला निघाले होते. सासूबाईंचा सांजा मला फेडता येणार नव्हता, आणि तो फेड म्हणून त्यानं मागितलाही नव्हता. मी फक्त हात पुढं करायचा होता. मग पेला आला. कडेला टवका उडालेला, माझ्या चांगल्या ओळखीचा. अकरा वर्षं मी तो धुतला, त्यातलं प्यायले त्या दिवशी.

शेवटच्या गीताला मी असा सूर लावला की मामा बाकाखाली जायचे राहिले. घरी येताना शेजारणीला रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं, "घेतलं गं मी!" तिला काय कळणार? तीही ओरडली, "बरं केलंसा!"

सांजा मी अजून करते, अजून लोकांकडं नेते. पण आता कुणाला भूक असेल म्हणून नेते. निळ्या जाळाकडं बघून आता गाणं म्हणते मी.

ऊठ आता, तुझी गाडी चुकेल. द्राक्षं राहू देत, साडी घेऊन जा, तूच नेस. आणि हा डबा घे, गरम आहे, सरळ धर. पोरांना दे, पण आधी तू खा. आणि मेजाशी जा गं, जशी आहेस तशी. डबा परत आणशील तेव्हा त्यात काही घालून आणलंस तर दारात उभी करणार नाही. रिकामाच आण, आणि सहा महिने नको लावूस. या रविवारीच ये.