खोडलं की सही

बातमीला पेपरात जागा लागते; किस्से मात्र फुकटात साठतात. परभणीतल्या इंग्रजीच्या वर्गाचे माझ्याकडे असेच साठलेत. सांगायला बसलो की आधी हसू येतं, मग टाळकं सरकतं!

पोलीस ॲक्शननंतरची गोष्ट. निजामाच्या कचेरीत उर्दूत हयात घालवलेल्या कारकुनांना हुकूम आला, इंग्रजीची परीक्षा द्या! मी वार्ताहर, कॉलेजात शिकलेला. म्हणून संध्याकाळी एका शाळेत वर्ग घेऊ लागलो. पिंगळीहून गाडीनं किशनराव यायचे. चाळिशीचे, तहसिलीतले कारकून.

"नापास झालो तं चपराशी करायलेत म्हनं, मास्तर. खुर्चीवर बसलो तिथंच पानी वाटायचं!"

*

पहिल्या दिवशी म्हटलं, "मनात येईल ते लिहा."

किशनरावांनी हात वर केला.

"मनातलं लिहायला मंजुरी कोन्या साहेबाची घ्यायची?"

*

मी लाल शाई बंद केली. चुकू द्या, हात तर चालू दे! एकदा शाळेचे हेडमास्तर डोकावले. वह्यांत लाल खूण एकही नाही हे पाहून भडकले, "मग शिकवता काय?" स्वतः बसून सगळ्या वह्या लालेलाल केल्या.

दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आलाच नाही.

हेडमास्तर खूश! "बघा, कच्चे होते ते गळाले!"

*

किशनराव टिकले. पण एक शब्द चुकला की अख्खं पान फाडायचे.

"अहो, खोडा आणि पुढं चला!"

"लय जोखमीचं काम हाय, मास्तर. कचेरीत खोडलं की बाजूला सही करा लागती. न्हाईतर कागद बनावट ठरतो."

शेवटी धीर केला. खोडायचे, सही ठोकायचे, पुढं लिहायचे. पानावर इंग्रजी कमी, सह्या जास्त! पण माणूस लिहायला लागला. गावाबद्दल, म्हशींबद्दल, मेलेल्या भावाबद्दल.

*

परीक्षेत त्यांनी पानंच्या पानं लिहिली. गाडीत बसताना हसत होते.

निकाल आला : पेपर रद्द!

मी परीक्षेच्या कचेरीत जाऊन भांडलो. साहेब शांतपणे म्हणाले, "उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल असं काही नको, हा नियम आहे. यांनी पानोपानी सही केलीय."

"लिहिलंय काय, ते वाचलंत?"

"सही दिसल्यावर वाचायचं कशाला?"

बाहेर किशनराव टोपी हातात घेऊन उभे होते. मी ओरडलोच, "परीक्षेत सही कशाला केलीत हो?"

ते गोंधळले.

"मास्तर, खोडलं तं मीच व्हतं."