उजवी बाही माझी

आमच्या घरात बाळाचं पहिलं स्वेटर आजीच्या हातचंच असतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे खोपोलीला आली, तशी बायकोनं पिवळी लोकर आणून सुया हातात घेतल्या. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, आणि मोरीत पाय घसरून तिचं मनगट मोडलं. दुखण्यापेक्षा बाह्या राहिल्या म्हणूनच ती जास्त रडली.

"त्यात काय, बाह्या मी विणतो," मी म्हणालो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

ती डोळे पुसत म्हणाली, "शेजारणीकडून विणून घेण्यापेक्षा तुमी बरे. निदान घरचे तरी हाय."

प्लॅस्टरमधल्या हातानं तिला काही दाखवता येईना, म्हणून मी कर्जतला एका बाईंचा विणकामाचा क्लास गाठला. दहा-बारा बायका आणि मी एकटा बाप्या. बाईंनी बाहीचा नमुना छापलेला कागद दिला आणि मला हायसं वाटलं. साजगावच्या कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो, ड्रॉइंग वाचून काम करायची सवय. दोन टाके सुलट, दोन उलट, अमुक ओळींनंतर एक टाका वाढवा. अहो, सगळं कसं स्वच्छ लिहिलेलं!

बाई म्हणाल्या, आधी छोटा तुकडा विणून मापून बघा. मी म्हटलं, ते नवशिक्यांना सांगा. टाके बरोबर कागदाइतकेच घातले. पण प्रत्येक टाका झाला की हात आपोआप एक हिसका द्यायचा, नट आवळताना शेवटी देतात तसा. फिटरच्या हातून काही सैल राहिलं तर त्याला झोप येत नाही. चौथ्या ओळीला सुई टाक्यात शिरेचना.

"बाई, सुया खराब आहेत," मी तक्रार केली.

"काका, लोकर आहे ती, बोल्ट नाही. सोडा जरा हात!" सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसलो, पण कान लाल झाले होते.

तीनदा उसवून चौथ्यांदा एक बाही पुरी झाली. बायकोनं आत दोन बोटं घालून पाहिली. "अवो, ही बाही हाय का पाइप?"

"नमुनाच तसा होता गं."

"व्हय, नाचता येईना अंगण वाकडं!"

काही म्हणा, मला मात्र चटक लागली. दुसरी बाही मी टमटममध्येसुद्धा विणायचो. लोक टकामका बघायचे. बघेनात का!

नात झाली. बारशाला चार दिवस असताना बायकोचं प्लॅस्टर निघालं. घरी आल्या आल्या तिनं हात पुढे केला. "द्या आता इकडं."

"अर्धीच तर राहिलीय. उद्या संपवतो की."

ती खिडकीशी बसून डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबत राहिली. बोटं मिटत नव्हती, तरी दाबत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. चार महिने मनात धरलेलं तिचं काम, आणि मी पोरासारखा अडून बसलो होतो. मी सुई काढली आणि अर्धी बाही सरसर उसवून लोकरीचा गुंडा तिच्या मांडीवर ठेवला.

"येडे का खुळे!" ती ओरडली. "एवढी विणलेली उसवली? मी पुढनं विणली असती ना!"

"पुढनं नको. पहिल्या टाक्यापासून तुझी असू दे."

तीन दिवस ती विणत होती. मधेच हात गरम पाण्यात धरायची, पुन्हा बसायची. बोटांत जोर नव्हता, टाके ढगळ पडले. बारशाला नातीला स्वेटर घातलं. डावा हात आजीच्या बाहीत सुळकन गेला. उजवा घालायला मुलगी, तिची सासू आणि मी, तिघं लागलो. पोरीनं घर डोक्यावर घेतलं.

"ती ह्यांची," बायको पाहुण्यांना सांगत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.