कबरींमधलं कुंपण

हां, तर शेपूट. काल शेपटीपाशीच चहा आला आणि गोष्ट राहून गेली. मी माझ्या बांधावर उभा, समोर ख्रिस्ती लोकांचं कबरस्थान, आणि कबरस्थानाच्या मधोमध जे निवडुंगाचं कुंपण आहे त्याच्या बुडातून हातभर शेपूट बाहेर आलेली. आधी वाटलं, कुणाचं दावं पडलंय. मग त्या दाव्यानं माशी उडवली.

मी तिथून कसा पळालो ते सांगत नाही, घरातली पोरं अजून नक्कल करतात. पण पळता पळता माझ्या तोंडात पहिलं नाव आलं ते वनखात्याचं नव्हे, प्रयागबाईचं. जनावर कुणाचंही असो, कुंपण तिचं होतं. आणि त्या कुंपणाला हात लावू देईल ती प्रयागबाई कसली?

नारायणगावहून येणारी वडापची जीप जिथं शेवटी रिकामी होते, तिथं आमचं गाव. गावाबाहेर ओढ्यापलीकडं दोन वाडे, वरचा आणि खालचा. दोन्ही ख्रिस्ती. देऊळ एक, पाळक एक, नाताळचा तारासुद्धा एकाच बांबूवर. पण मुळात या जाती दोन. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं, आणि वेशीबाहेर गेल्यावर त्यांनी आपसात आणखी एक वेस घातली. ती वेस म्हणजे हे कुंपण. ओढ्याकडच्या अंगाला वरच्या वाड्याच्या कबरी, माझ्या बांधाकडच्या अंगाला खालच्या वाड्याच्या. मध्ये पुरुषभर उंच निवडुंग, आत बैल बसला तरी दिसणार नाही असा.

तो लावला प्रयागबाईच्या सासऱ्यानं. म्हातारा म्हणायचा, शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, मेलेले उठतील, तेव्हा डोळे उघडल्याबरोबर माणसाला आपली माणसं दिसली पाहिजेत. प्रयागबाई लग्न होऊन आली ती जुन्या आंबेगावातून, जे पुढं डिंभे धरणात बुडालं. सासऱ्यानं तिच्या हातात कोयता दिला आणि सांगितलं, कुंपण तुझं. तेव्हापासून दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधी ती स्वतः उभी राहून ते छाटून घ्यायची, जिथं विरळ झालं असेल तिथं नवं पान खोचायची.

बाई वाईट होती असं समजू नका, राव. माझी मंडळी विषमज्वरानं पडली तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या आधी प्रयागबाई पेज घेऊन आली. एकदा माझा बैल ओढ्यात रुतला होता, तेव्हा ती काठावर उभी राहून आम्हां सगळ्यांना अशी हाकत होती की शेवटी बैल लाजून वर आला. ते असो. खालच्या वाड्याच्या साळुबाईबरोबर तर तिची मैत्री जुनी. नाताळात करंज्या एकमेकींच्या घरी, एका ताटात जेवण. मी एकदा विचारलं, ‘बाई, जेवायला चालतं, मग?’ तर म्हणाली, ‘जेवायला चालतं, भाऊ. निजायला चालत न्हाई.’

आणि आणखी एक रीत. कबर कुणाचीही असो, खणायची खालच्या वाड्यानं. अलीकडं ते काम साळुबाईच्या भरतकडं होतं. एरवी तो शाळेची गाडी चालवतो. वरच्या वाड्यात कुणी गेलं की गाडी उभी करून टिकाव घ्यायचा, खड्डा करायचा आणि मातीचे हात धुऊन कुंपणाच्या आपल्या अंगाला परत यायचा.

गेल्या नाताळानंतर अमेरिकेहून एक पाहुणे आले होते. काळ्या वर्णाचे, उंच, केस पांढरे, आवाज असा की देवळाचे पत्रे थरथरावेत. त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात गोऱ्यांचं देऊळ वेगळं, काळ्यांचं वेगळं, आणि कबरस्थानात मध्ये लोखंडी साखळी. आजोबा ज्या गोऱ्या माणसाच्या घरी जन्मभर राबले, त्याच्या मयताला त्यांना साखळीबाहेर उभं केलं. आमचे पाळक आदेश, तरुण पोरगा, तो वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होता. मी दाराशी उभा होतो, भाषण ऐकायला मला कुठलंही देऊळ चालतं. प्रयागबाई पदर तोंडाला लावून रडत होती. उपासना संपल्यावर तिनं पाहुण्यांना पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, ‘देव त्या साखळीवाल्यांना विचारल्याशिवाय राहायचा न्हाई.’

मग पाहुणे म्हणाले, तुमचं कबरस्थान बघू या. मी आधीच माझ्या बांधावर जाऊन उभा. असा तमाशा फुकट सोडायचा नसतो. पाहुणे कुंपणापाशी थांबले, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, काहीतरी विचारलं. आदेश गडबडला. म्हणाला, गुरं येऊ नयेत म्हणून. पाहुण्यांनी मान हलवली, दोन्ही अंगांच्या कबरी नीट पाहिल्या आणि सावकाश दुसरा प्रश्न विचारला. आदेशचा चेहरा उतरला. मराठीत सांगायला तयारच होईना. प्रयागबाईची नात वृषाली तिथं होती, पुण्याला नर्सिंग शिकते, तिनं सांगितलं.

‘आजी, ते विचारतायत, गुरं कोणत्या बाजूनं येतात?’

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी प्रयागबाईनं, सण लांब असूनसुद्धा, कुंपण छाटून घेतलं आणि एक विरळ जागा होती ती भरली.

त्यानंतर माझा ऊस गेला. ऊसतोडीची टोळी शेवटच्या सऱ्यांवर आली तेव्हा आतलं जनावर बाहेर पडणार हे आमच्या जुन्नर तालुक्यात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. बिबट्याची मादी होती, पोटाशी पिल्लं. उसातून निघाली आणि जवळात जवळ दाट जागा कोणती, तर प्रयागबाईचं कुंपण. म्हणून ती शेपूट.

आधी कुत्री गेली. मग शेळ्या. मग खालच्या वाड्यात लोक दिवसासुद्धा पोरांना एकटं सोडीनात. वनखात्यानं पिंजरा लावला, आत बोकड बांधला. बोकड ओरडून ओरडून थकला, मादी पिंजऱ्याला वळसा घालून ओढ्यावर पाणी पिऊन गेली, पावलं चिखलात उमटलेली. देवळात बैठक झाली, तिथं वनखात्याचा माणूस सरळ म्हणाला, कुंपण काढा, ती जाईल. कुंपण ठेवलंत तर ती राहील, आणि तिला वाकलेला माणूस दिसला तर तो माणूस आहे हे तिला कळत नाही. ठेंगणं जनावर समजून येते.

कबर खणणारा माणूस वाकलेलाच असतो. हे त्या बैठकीत बोललं कुणी नाही, पण सगळे भरतकडं पाहत होते.

देवळातल्या त्या बैठकीत प्रयागबाई म्हणाली, ‘आमच्या आंबेगावला पन असंच कुंपण व्हतं. म्या ल्हानपणी डोळ्यांनी बगितलंय. दोन्ही वाडं सुखानं नांदलं. माज्या सासऱ्याच्या कुंपणाला कोयता लागायचा आसंल तर आदी माज्यावर लावा.’

साळुबाई मागून म्हणाली, ‘प्रयागे, मेलेल्यांची राखण झाली. जित्त्यांची कोन करनार?’

‘देव करंल.’

‘मंग मेलेल्यांची बी त्यालाच करू दे की.’

लोक हसले, पण कुंपण राहिलं. साळुबाईनं घरी जाऊन भरतसाठी पट्टा केला. जाड कातडं, बाहेरून खिळ्यांची टोकं. हल्ली शेतात निंदायला जाणाऱ्या बायकाही असले पट्टे गळ्यात घालतात. मी भरतला म्हटलं, ‘काय रे, राखणीचं कुत्रं झालास का?’ तर म्हणतो, ‘देवानं मान दिली, आईनं पट्टा दिला. आता मालक तेवढा ठरायचाय, भाऊ.’

मे महिन्यात डिंभ्याचं पाणी फार खाली गेलं. जुन्या आंबेगावची जमीन उघडी पडली आहे असं कळलं, तेव्हा प्रयागबाई वृषालीला घेऊन आईची कबर बघायला गेली. परत आली ती गप्प. मी हाक मारून विचारलं, ‘सापडली का?’ म्हणाली, ‘सापडली.’ एवढंच. त्यानंतर तिनं कुंपणाची खाली लोंबलेली पानं वर उचलली नाहीत. वृषालीला विचारलं तर ती म्हणाली, ‘आजीनं सांगायचंय ते, आजोबा.’

आणि पावसाळा तोंडावर असताना प्रयागबाईचा दीर शांतवन गेला. म्हातारा होता, झोपेत गेला. सकाळी घंटा वाजली. भरतनं गाडी उभी केली आणि टिकाव घेतला. वरच्या वाड्याची दोन पोरं काठ्या घेऊन राखणीला उभी राहिली, थोड्या वेळानं चहाला गेली. चहाला जाणं हे आपल्याकडं कुठलंही काम सोडायचं कारण असतं.

मी बांधाच्या टोकाला होतो, तिथून कुंपणाच्या दोन्ही बाजू दिसतात. खड्डा गुडघ्याच्या वर गेला होता. भरत वाकला की दिसायचा नाही, उठला की दिसायचा. वाकला, उठला. वाकला, उठला. टिटवी ओरडत होती ती एकदम थांबली. मी ‘भरत’ म्हणायला तोंड उघडलं आणि कुंपण हललं.

आवाज झाला नाही. मला अजून त्याचंच नवल वाटतं. पिवळं काहीतरी खड्ड्यात गेलं आणि मग भरतचा आवाज आला. मी ढेकळं फेकत, डबा वाजवत धावलो, वाड्यातून माणसं आली. मादीनं मान धरली होती, पण मानेवर खिळे होते. तिचं तोंड रक्ताळलं, तिनं झटका देऊन सोडलं, जाता जाता खांदा फाडला आणि कुंपणात शिरली. भरतला जीपमध्ये घालून नारायणगावला नेलं. खड्डा अर्धाच राहिला, आत टिकाव आणि चप्पल.

दुपार चढली. शांतवन घरात, वर बर्फ. वरच्या वाड्याच्या पोरांनी कधी कबर खणलेली नाही, आणि आता तर कुणी तिकडं पाऊल टाकेना. तेव्हा साळुबाई प्रयागबाईच्या अंगणात आली. पातळावर पोराच्या रक्ताचे डाग. मला वाटलं आता शिव्या देईल. ती पायरीवर बसली, पाणी मागितलं, प्यायली. म्हणाली,

‘भरत वाचंल म्हनत्यात डॉक्टर. हात कसा राहतोय, ते म्हाईत न्हाई. प्रयागे, तुज्या दिराचा खड्डा अर्दा हाय. आमची पोरं पुरा करतील. पन आदी कोयता.’

आदेश पाळक मध्ये बोलायला गेला. प्रयागबाईनं हात वर केला आणि तो थांबला. वरच्या वाड्याचे पुरुष जमिनीकडं पाहत होते. मग प्रयागबाई उठली. दारामागून सासऱ्याचा तोच कोयता काढला आणि कुणाकडं न बघता चालायला लागली. आम्ही मागून, डबे वाजवत, मशाली पेटवून, भर उन्हात.

पहिला घाव तिनं घातला. हिरवट चीक उडाला, तिच्या हातावर, पदरावर. दुसरा घातला. मग साळुबाईनं तिच्या हातातून कोयता घेतला आणि ती घालायला लागली. मग पोरं भिडली, दोन्ही वाड्यांची.

मादी नव्हती. पिल्लंही नव्हती. डब्यांच्या आवाजानं दुसऱ्या टोकानं निघाली असेल. आत निवडुंगाखाली गुहेसारखी जागा, गार, माती बसून बसून गुळगुळीत झालेली. हाडं होती, एक शेळीची घुंगूरमाळ होती, आणि लहान लेकराची एक चप्पल होती. दोन्ही वाड्यांत विचारलं, गावात विचारलं. कुणाची नव्हती. कुत्र्यानं कुठूनतरी ओढून आणली असेल असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही ठरवलं. पिल्लांची पावलं माझ्या नव्या लागणीकडं गेलेली होती. तिथला ऊस तेव्हा गुडघ्याएवढा होता. आता माझ्या डोक्यावर गेला आहे.

शांतवनला दिवस मावळायच्या आत मूठमाती मिळाली. भरत वाचला, खांदा वर उचलत नाही. गाडी दुसरा चालवतो.

परवा पाऊस पडून गेल्यावर मी बांधावर गेलो, तर प्रयागबाई कबरींमध्ये वाकून काहीतरी वेचत होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. निवडुंगाचा जिथं जिथं तुकडा पडला होता तिथं तिथं हिरवं पान उभं राहिलं होतं, आणि ती एकेक उपटून घमेल्यात टाकत होती. मी आपला खुशीत होतो, विचारलं, ‘काय बाई, जन्मभर राखलेलं कुंपण. सासऱ्याला वरती काय तोंड दावनार?’ ती सरळ झाली, हाताला लागलेला चीक पदराला पुसला, आणि जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो.

‘त्याला सांगंन, आंबेगावला कुंपण नव्हतं. म्या जन्मभर म्हनत आले व्हतं, आन जाऊन बगितलं तर माज्या आयच्या उशालाच तिथल्या खालच्या वाड्याच्या बाईचा दगुड, वर नाव कोरलेलं. बगून बी मी म्हैनाभर गप ऱ्हायले, आन तेवढ्यात भरतचा खांदा गेला. ते देव मला विचारंल, तवा काय बोलायचं ते मला अजून सुचल्यालं न्हाई. हे तर परत फुटतंच हाय, जित्ती हाय तवर उपटीन. आन तू हासतूस, भाऊ, तर एक सांग, तुमच्या गावात मसनवट्या किती हैत, आन आमच्या मयताला त्यातल्या कंचीच्या वाटंनं जाऊ देता?’