हळदीत चुना

पिवळा रंग मला आवडत नाही, असं म्हटलं की लोकांना गंमत वाटते. अहो, पिवळा म्हणजे शुभ, पिवळा म्हणजे मंगल, देवाचा पीतांबर, नवरीची अष्टपुत्री, खंडोबाचा भंडारा, अशी यादी मला ऐकवतात. ती यादी मला पाठ आहे. ज्या घरात ती सगळ्यांनाच पाठ होती त्याच घरात मी वाढले, आणि त्या घरात एका मुलीचं काय झालं तेही बघितलं. तेव्हा मला मंगल वगैरे शिकवू नका.

ती मुलगी म्हणजे माझी ताई. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो, वडील मुंबईला कचेरीत कारकून. ताई अठराची, मी बाराची. ताई चित्रं काढायची. पाटाभोवती रांगोळी काढतात तशी नव्हे, खरी चित्रं. भात पिकलं की ती मला ठाकुर्लीच्या बाजूला शेताच्या बांधावर घेऊन जायची आणि विचारायची, "सांग, यात किती पिवळे आहेत?" मी म्हणायची, एकच. मग ती चिडायची. "डोळे उघड गं. तो लोंबीचा बघ, तो पेंढ्याचा, तो उन्हातला आणि तो सावलीतला."

तिच्या रंगपेटीतली पिवळी वडी सगळ्यांत आधी संपायची. मग ती भिंतीला लावायची पिवडी पाण्यात कालवायची, नाहीतर स्वयंपाकघरातली हळद पळवायची. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, महिन्याभरात उडून जातो, हे तिनंच मला दाखवलं. आणि एकदा तिनं हळदीत बोटभर चुना कालवून वाटी माझ्या नाकापुढे धरली. पिवळ्याचं लालभडक झालं होतं. "कुंकू असंच करतात," ती म्हणाली. मला जादूच वाटली.

ड्रॉइंगच्या परीक्षेत ताई पहिल्या वर्गात आली. तिच्या शाळेतल्या बाईंनी मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेचा फॉर्म स्वतः आणून दिला. वडील म्हणाले, "आईला विचार." कचेरीत साहेबाच्या इंग्रजीतल्या चुका काढणारा हा माणूस, घरात काही ठरवायची वेळ आली की वर्तमानपत्रात डोकं खुपसायचा. आई आठवडाभर गप्प होती. मग एका सकाळी तिनं फॉर्म देवापुढे ठेवला आणि चारही कोपऱ्यांना हळदीचं बोट लावलं, शुभकार्याच्या कागदाला लावतात तसं. ताईनं मला उचलून गरगर फिरवलं. फॉर्म सोमवारी नेऊन द्यायचा होता.

शुक्रवारी आत्या आली. वडिलांची मोठी बहीण, ठाण्याला खोपटला राहायची. कमरेला पानाची पिशवी आणि तोंडात स्थळ. तिच्या सासरच्या नात्यातला मुलगा, कल्याणचा, रेल्वेत नोकरीला. मंडळी रविवारी बघायला येणार, हे तिनं परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

फॉर्म बघून ती ताईला म्हणाली, "एक परीक्षा पास झालीस, तर अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालीस होय गं?" आणि आईला म्हणाली, "वहिनी, आधी हिचे हात पिवळे करा. सावळ्या मुलीला असं स्थळ पुन्हा चालून येणार नाही."

आईचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. चार कोपऱ्यांना स्वतःच्या हातानं लावलेली हळद ही बाई एका वाक्यात विसरली!

शनिवारी सकाळी आत्यानं दुधात हळद कालवली. एका दिवसात ताईला उजळ करायची होती. पी हळद आणि हो गोरी, हे लोक थट्टेनं म्हणतात. आमची आत्या ते मनापासून करत होती. वाटी न्हाणीघरात ठेवून ती बंबात ढलप्या घालायला गेली, आणि मला ती जादू आठवली. ताईचे हात-तोंड लाल झाले, की तिला उद्या दाखवणार कशी? मंडळी यायची नाहीत आणि सोमवारी फॉर्म जाईल. आत्याच्याच, खुंटीला अडकवलेल्या पानाच्या पिशवीतला चुना काढला आणि बोटानं हळदीत फिरवला.

आईनं वाटीकडे न बघताच ताईच्या दंडाला पहिला हात लावला आणि किंचाळली, "अगं बाई! वन्सं, हे काय हो?"

आत्या आली. तिनं वाटी नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं. नखात चुना तसाच होता. मी हात पाठीमागे लपवला. आत्यानं वाटी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "वहिनी, हळदीचं कुंकू झालं! देवीनं कौल दिला हो. आता मागे फिरू नका."

आईला कुंकू कसं करतात हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण तिला दुसऱ्या कुणीतरी ठरवून हवं होतं, आणि देवीच ठरवतेय म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. मी तोंड उघडायचं होतं. "मी चुना घातला," एवढे तीनच शब्द. मार बसेल म्हणून मी गप्प राहिले. ताई पाटावर मान खाली घालून बसली होती. आईनं तिचा दंड धुतला, दुसरी हळद कालवली.

मंडळी आली, पसंती झाली, महिन्याभरात लग्न लागलं. लग्नात आत्यानं मला पिवळं परकर-पोलकं शिवलं. कशाबद्दल, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. आणि मी ते घालून मिरवले.

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो फॉर्म सापडला. कोपऱ्यांवरची हळद मळकट झाली होती. मी तो घेऊन कल्याणला ताईकडे गेले. ती ओट्याशी आमटी करत होती. इतक्या वर्षांनी मी तिला सगळं सांगितलं, चुना कुणी घातला ते.

ताईनं वळूनही बघितलं नाही. "हळदीत चुना घातला की लाल होतं, हे तुला शिकवलं कुणी?"

मी फॉर्म ओट्यावर ठेवला. "मग तू का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर आई-आत्या दोघी लग्न टाळायला बहाणे करते म्हणाल्या असत्या. माझं कोण ऐकणार होतं?" तिनं आमटीत हळद टाकली. "तू बोलशील म्हणून मी पाटावर थांबले होते. आईनं दुसरी हळद लावेपर्यंत."