मागच्या रांगेतली जागा
मुलीच्या नव्या बेसबॉल ग्लव्हला सकाळी तेल चोळताना चामड्याचा वास आला आणि टेक्सासमधलं आमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं तळघर आठवलं. शिकत असताना मी तिथे पार्टटाइम काम करायचो. बेसबॉल टीमच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं, त्यासाठी जुने फोटो स्कॅन करत होतो. एका फोटोत मागच्या रांगेत मधोमध एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी होती. फोटोग्राफरचा गलथानपणा, असं म्हणून मी कंप्युटरवर दोन्ही बाजू बेमालूम जुळवल्या आणि स्वतःवरच खूश झालो. पुस्तक छापून आलं, तेव्हा त्याच टीममधले एक म्हातारे गृहस्थ ते बघायला आले. त्या पानावर त्यांचं बोट एकेका खांद्यावरून पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. "आमचा पिचर कुठे गेला?" त्यांनी विचारलं. "सर, तिथे कोणीच नव्हतं," मी म्हणालो. "हो. तो त्याच आठवड्यात वारला होता. ती जागा आम्ही त्याच्यासाठी सोडली होती." आज दुपारी मी मुलीच्या टीमचा फोटो काढत होतो, तेव्हा बाकीचे पालक ओरडत होते, "क्लोजर, क्लोजर!" "बाबा, टेक इट ना!" मुलगी म्हणाली. तिच्या शेजारी थोडी फट होती. मला 'सरक' म्हणवेना.